फळ्यावरचे भार

मधे अणुकेंद्र, त्यात प्रोटॉन, बाहेर फिरणारे इलेक्ट्रॉन. बाबांनी फळ्यावर काढलेली वर्तुळं कंपासने काढल्यासारखी गोल होती. सगळी नोकरी त्यांनी शाळेत हेच शिकवण्यात घालवली होती. मुलगी त्यांच्याच हाताखाली शिकली आणि आता या कॉलेजात भौतिकशास्त्राची प्राध्यापिका होती. त्यांना व्याख्यानाला तिनेच बोलावलं होतं. ओळख करून देताना मात्र ती नुसतं ‘एक ज्येष्ठ शिक्षक’ म्हणाली. हे माझे वडील, हे शेवटी सांगायचं, टाळ्या पडत असताना, असं तिच्या मनात होतं.

हल्ली बाबा विसरायचे. चष्मा फ्रिजमध्ये ठेवायचे, तिला आत्याच्या नावाने हाक मारायचे. त्यांना नेऊ नकोस, असं आई म्हणाली होती. पण हाडात मुरलेलं शिकवणं कुठे जातंय, म्हणून तिने ते उडवून लावलं.

आणि बाबांनी प्रत्येक इलेक्ट्रॉनवर अधिकचं चिन्ह काढलं. प्रोटॉनवर वजाचं. दोन्ही भार सारखेच, म्हणून अणू उदासीन, असं ते समजावत होते आणि तेवढं बरोबरच होतं. मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. कुणीतरी फिस्सकन हसलं. प्राचार्यांनी तिच्याकडे पाहिलं, तसे तिचे कान तापले.

“सर, इलेक्ट्रॉन ऋण असतो,” ती बसल्या जागेवरून म्हणाली. “एवढं तर शाळेतल्या पोरांनाही येतं.”

वर्ग खो खो हसला. बाबांनी फळ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. डस्टर समोरच होतं, पण त्यांनी तळहातानेच एकेक चिन्ह पुसलं. व्याख्यान तिथेच आटोपलं. आभार मानताना ‘वडील’ हा शब्द काही तिच्या तोंडून निघाला नाही.

ती गाडीची किल्ली घेऊन आली, तेव्हा बाबा जिन्याजवळच्या बाकावर बसले होते. दोन विद्यार्थिनींनी त्यांना पाणी आणून दिलं होतं. मॅडम तुमच्या कोण लागतात, असं त्यातली एक विचारत होती.

“कुणी नाही गं,” बाबा म्हणाले. “ओळखीच्या आहेत.”

हे विसरभोळेपणातून आलेलं नव्हतं. ते तिला सांभाळून घेत होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

“माझे बाबा आहेत,” ती पुढे होऊन म्हणाली. “मला हा विषय यांनीच शिकवलाय.”

मुली गोंधळल्या, एकमेकींकडे बघत निघून गेल्या.

“कशाला सांगितलंस?” गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले. “तुला रोज यायचंय इथे.” आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. माफी मागायची होती, पण तिने नुसतीच गाडी सुरू केली.

बाबा खिडकीबाहेर बघत पाठांतर केल्यासारखे पुटपुटत होते. इलेक्ट्रॉन ऋण, प्रोटॉन धन.

“आता बरोबर आहे ना?” त्यांनी विचारलं.

तिने मान हलवली. त्यांच्याकडे बघणं मात्र तिला जमलं नाही.