कोकोच्या शेंगेखाली

मित्रांनो, मी एक जुनी मोझॅकची फरशी आहे. कुमासी शहरातल्या एका घराच्या अंगणात पसरलेली. आधीच सांगून ठेवते, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. मला दिवसभर माणसांचे तळवे दिसतात. चेहरा दिसतो तो फक्त मान खाली घालणाऱ्याचा, आणि विनाकारण मान खाली कोण घालतं?

मला अग्बेको मिस्त्रीने घडवलं. घराचा मालक अद्दाई कोकोचा व्यापारी होता, आणि आपलं अंगण गल्लीत उठून दिसावं अशी त्याची हौस. मिस्त्रीने काचेच्या पट्ट्या उभ्या करून चौकोन आखले, रंगीत सिमेंटमध्ये संगमरवराचे खडे कालवून ओतले, वरून रूळ फिरवला. मग घासायचं मशीन माझ्या पाठीवरून घरघरत फिरू लागलं आणि राखाडी चिखल गटारापर्यंत वाहत गेला. फार सोसलं मी! पण मधोमध जी पिवळी कोकोची शेंग उमटली, ती बघायला शेजारपाजारचे लोक चपला बाहेर काढून यायचे. उकडलेले कंद कुटून फुफू करायचं उखळसुद्धा अंगणात आणायची मनाई होती. ते परसात गेलं.

आता खरी गोष्ट. मधला चौकोन ओतायच्या दिवशी अद्दाई गावोगाव खरेदीला गेला होता. तेव्हा त्याची आई कोनादू मिस्त्रीजवळ आली.

"मिस्त्री, तू सगळं अंगण बुजवलंस तर आमच्या वाडवडिलांना दारू कशी पोचायची? ती जमिनीत मुरायला नको का?"

"अहो आई, तुमचा मुलगा चर्चमधला मोठा माणूस. त्याला हे चालतं का?"

"चालत नाही म्हणून तर तुला सांगते. एक भोक ठेव, आणि तोंड बंद ठेव."

मिस्त्रीने शेंगेच्या टोकाशी करंगळीएवढं भोक ठेवलं, खाली वाळू भरली आणि वर काळ्या दगडाची खुंटी बसवली. ती इतर खड्यांमध्ये अशी मिसळून गेली की कुणाला कळायचं नाही. हे प्रकरण एक दिवस माझ्याच अंगावर येणार, असं मला तेव्हाच वाटलं होतं.

दर सहा आठवड्यांनी येणाऱ्या पूर्वजांच्या रविवारी घर जागं व्हायच्या आत कोनादू आई अंगणात यायची. केसांतल्या पिनेने खुंटी उपसायची आणि हिरव्या चौकोनी बाटलीतली जिन हळूच ओतायची. "घ्या, बाबांनो, दोन घोट घ्या. पोराला कळू देऊ नका, त्याची दुसरीकडे सोयरीक झालीय." मग पांढरे कपडे घालून ती चर्चला जाऊन पहिल्या बाकावर बसायची.

थोडी दारू बाहेर सांडायचीच. तिचा डाग अद्दाईची बायको सेरवा नारळाच्या काथ्याने घासून काढायची. घासताना ती खाली वाकायची, तेव्हा तिचा चेहरा मला दिसायचा. तिला वाटे, नणंद पोकुआ आपलं वाईट व्हावं म्हणून काहीतरी ओतते आहे. आणि पोकुआ खिडकीतून बघायची, तर वहिनी त्याच एका जागी घासत बसलेली. तिला वाटे, हिने तिथे काहीतरी पुरलं आहे. दोघी एकमेकींना "जेवून जा गं" म्हणायच्या आणि एकमेकींच्या हातचं कुणी खायची नाही.

वर्षं गेली. दारूबरोबर खालची वाळू खचत गेली आणि माझ्या पोटात पोकळी झाली.

मग अद्दाई अचानक गेला. चालता बोलता माणूस, माझ्यावरच कोसळला. तेव्हापासून पोकुआ सेरवाला चेटकीण म्हणू लागली. त्या घरची रीत अशी, की पुरुषाच्या मागे घर त्याच्या आईकडच्या माणसांचं. बायको आणि दोन मुली तिथे राहणार की नाही, हे अद्दाईचा मामा ब्रेम्पाँ ठरवणार होता. वर्ष भरलं की सेरवाने काळं उतरवून पांढरं नेसायचं आणि त्याच दिवशी निकाल लागायचा.

त्या दिवशी परसात मांडव घातला होता, म्हणून उखळ नेमकं माझ्या शेंगेवर आणून ठेवलं. दोघं जण कुटू लागले. ढब! ढब! कुटणाऱ्यांचे हात थांबले.

"ऐकलंत ना, मामा?" पोकुआ ओरडली. "खाली पोकळ आहे! काय पुरलंयस गं, माझ्या भावाला खायला?"

"मी पुरलं?" सेरवा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "सकाळी सकाळी इथे काहीतरी सांडून कोण जातं, ते तू सांग! तुझी घाण मी पुसतेय इतकी वर्षं!"

"पुरे," मामा म्हणाले. "फोडून बघू. खाली काही निघालं, तर सेरवा, आजच मुलींना घेऊन माहेरची वाट धर."

"आणि नाही निघालं तर?"

"मग बघू."

मी कोनादू आईकडे बघितलं. ती खुर्चीत बसून माझ्याकडेच बघत होती, मान खाली घालून. बोल ना बाई, बोल, असं मला ओरडावंसं वाटलं. पण दगडाला कुठली वाचा!

पहिला घाव पडला. शेंग आडवी चिरली, खुंटी उडून सेरवाच्या पायाशी पडली. घण पुन्हा वर गेला.

"थांबा!" कोनादू आई उठली, आपल्या खोलीत गेली आणि बाटली घेऊन आली. कार्याला आलेल्या चर्चच्या बायकांदेखत तिने ती त्या भोकात उपडी केली. गट गट गट, सगळी आत गेली. दारूचा वास अंगणभर झाला.

"खाली चेटूक नाही. तुमचे आजे-पणजे आहेत. इतकी वर्षं मीच पाजत होते."

पोकुआ गुपचूप खुर्चीच्या मागे सरकली.

"आई," सेरवा म्हणाली, "वर्षभर ही मला चेटकीण म्हणत होती. तुम्ही समोर बसून जेवत होतात."

"लाज वाटत होती गं मला, लोक काय म्हणतील याची."

"लाज तुमची, आणि घर माझं जाणार होतं?"

मामांनी दोनदा घसा खाकरला आणि सेरवा मुलींसह याच घरात राहील, असं सांगून टाकलं. सेरवाने आभार मानले नाहीत. तिने आधी माझे तुकडे गोळा केले, मग आत जाऊन पांढरं नेसली.

पुढे एका कारागिराने माझी चीर बुजवली. रंग काही जुळला नाही. भोक मात्र सेरवाने बुजवू दिलं नाही. खुंटी आता तिच्या पदराच्या गाठीत असते. कोनादू आईला दारू ओतायची झाली, की सुनेकडे मागावी लागते, तीही भर दिवसा, सगळ्यांसमोर.

मित्रांनो, माझ्यासारख्या फरशीवर लिंबू सांडलं तर लगेच पुसा, तेजाब तर लावूच नका. आणि घरात कुठे काही पोकळ वाजलं, तर घण आणण्याआधी सगळ्यांना एकत्र बसवून विचारा. ओरडणाऱ्याकडे नंतर बघा. जो गप्प बसून फरशीकडे बघत असेल, त्याला आधी विचारा.