ग्लेनिसची भिजत घातलेली लाकडं

उल्व्हरस्टनच्या शाळेत, प्रयोगशाळेच्या मदतनीस म्हणून, ग्लेनिस हार्वुडनं सव्वीस वर्षं काढली. निवृत्त होताना शाळेनं तिला तिथलीच माशांची चार फुटी टाकी भेट दिली. खालचा कट्टा मात्र भिंतीत बसवलेला होता, त्यामुळे तो तिथंच राहिला.

"त्यात काय, मी स्टँड ठोकून देतो," तिचा थोरला भाऊ डॅलस म्हणाला. लोकांची स्वयंपाकघरं करण्यात त्याचा जन्म गेला होता. "भुसा दाबून करतात ना, त्या फळ्या आणायच्या. सकाळी सुरू केलं की जेवायच्या आत तयार."

"आणि पाणी सांडलं तर?"

"तर पुसायचं! घरात फडकी नाहीत का तुझ्या?"

ग्लेनिसला ते पटेना. पाणी, काच आणि वाळू मिळून तीनशे किलोंचं ओझं व्हायचं. ती जुन्या लाकडाच्या वखारीत गेली. वखारवाला टॅविश बोटींच्या मोडक्या फळ्या रचत होता.

"यातलं सगळ्यात चांगलं लाकूड कुठलं रे?"

"कशासाठी चांगलं, मावशी? ओझं पेलायला, भिजायला, की नुसतं बघत बसायला?"

ग्लेनिसनं ते तपासूनच बघायचं ठरवलं. तिनं ओक, औषध मारलेला पाइन आणि बोटींसाठी वापरतात तो पिवळसर सेलरी-टॉप पाइन, असे तीन तुकडे मागून घेतले. भुशाच्या फळीचा एक तुकडा डॅलसच्या गाडीतून न विचारता उचलला. चारही तुकड्यांची लांबी-जाडी मोजून तिनं ते कपडे धुवायच्या टबात बुडवले.

तिसऱ्या दिवशी डॅलस टबात डोकावला. "सूप करतेयस का लाकडाचं? मीठ घाल थोडं."

"तुझी फळी बघ आधी."

फळी कडेनं फुगली होती. डॅलसनं ती दाबली, तर बोटांना ओला भुसा लागला. "इतकं पाणी कोण सांडतं?" असं पुटपुटत त्यानं हात पँटला पुसले, पण दुसऱ्या दिवशी आपणहून पुन्हा आला आणि मोजपट्टी तिच्या हातातून काढून घेतली.

आठव्या दिवशी दोघांनी तुकडे बाहेर काढले. पाइनला पीळ पडला होता. ओक ताठ राहिला होता, पण जरासा फुगून काळा पडला होता. सेलरी-टॉप जेमतेम केसभर वाढला होता. टॅविशकडे तो फार नव्हता, म्हणून सांगाडा ओकचा केला आणि पाणी लागेल तो वरचा भाग नि पायांखालचे ठोकळे सेलरी-टॉपचे.

भरायच्या दिवशी डॅलस बादल्या ओतत होता आणि ग्लेनिस टाकीच्या काठावर ठेवलेल्या, सपाटी दाखवणाऱ्या लेव्हलच्या बुडबुड्याकडे बघत होती. अकराव्या बादलीला बुडबुडा सरकला.

"थांब! वाकतंय."

"माझं काम वाकत नाही," डॅलस म्हणाला खरा, पण चेहरा उतरला होता. त्यानं गुडघे टेकून एकेक सांधा चाचपला. सगळं घट्ट होतं. मग ग्लेनिसनं लेव्हल उचलून जमिनीवर ठेवली. बुडबुडा तिथंही एका बाजूलाच गेला.

"अरे, घर वाकतंय आपलं!"

घर लाकडी वाशांवर, जमिनीपासून जरा उंच उभं होतं. डॅलस बॅटरी घेऊन त्याच्याखाली सरपटत शिरला. थोड्या वेळानं जमिनीखालून आवाज आला, "सगळं ओझं एकाच वाशावर आलंय गं! स्टँड भिंतीशी, वाशांना आडवा ठेव, म्हणजे चार वाशांवर वाटलं जाईल."

अकरा बादल्या उपसून, स्टँड भिंतीशी आडवा लावून, टाकी पुन्हा भरायला चार वाजले. चोवीस बादल्या झाल्या तरी बुडबुडा मधोमध होता.

डॅलसच्या केसांत कोळिष्टकं होती, पण लक्ष दुसरीकडेच होतं.

"खालचे वासे कसले आहेत, कळलंच नाही मला," तो म्हणाला. "घराला साठ वर्षं झाली, तरी कीड नाही लागली त्यांना. सुरी दे बघू, एक ढलपी काढून आणतो."

ग्लेनिस सुरी आणायला गेली आणि येताना दुसरी बॅटरीही घेऊन आली. डॅलस घराखाली शिरायच्या जागेशी बसला होता.

"सरक," ती म्हणाली, "मलाही बघायचंय."