तडा गेलेली चाखणीची वाटी

मित्रांनो, मी एक जुनी, चिनी मातीची पांढरी वाटी आहे. नऊ वर्षं माझ्याखाली एक पत्र बिनउत्तराचं पडून होतं. ती गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे.

भट्टीतून निघाले तेव्हा मी नितळ होते. चहाच्या वखारीत एका चाखणाऱ्याच्या हाती पडले. तो ऊलाँग चाखत असे. धड हिरवा नाही, धड काळा नाही असा हा चहा. एकाला फुलांचा वास, दुसऱ्याला लोण्याची चव, तिसरा कोळशावर भाजलेला, खरपूस. बाकीचे लोक दर चहाला वेगळी वाटी घेत. हा मात्र सगळे माझ्यातच चाखी आणि मध्ये मला कढत पाण्याने विसळी. "वाटी एक, तरच तुलना खरी," असं म्हणे. मी फुगून जाई.

पुढे मला केसाएवढा तडा गेला. त्याची बायको म्हणाली, "अहो, फेका ती! चहातलं सगळं कळतं, घरात मीठ कमी पडलं तर कळत नाही तुम्हाला." त्याने हसण्यावारी नेलं.

माल कुणाचा ते चाखणाऱ्याला कळू नये म्हणून पुड्यांवर नुसते आकडे असत. एके दिवशी भाजका चहा आधी चाखून झाला, मग फुलांच्या वासाचा. त्यावर त्याने शेरा मारला, 'जळका'. सगळा माल परत गेला. मागाहून कळलं, तो धाकट्या बहिणीच्या मळ्यातला होता. ते कळलं त्या संध्याकाळी त्याने माझ्यात नुसतं गरम पाणी ओतून घोट घेतला. पाण्यालाही जळका वास होता; भाजका चहा माझ्या तड्यात मुरला होता.

आठवड्याने पत्र आलं. "दादा, तुझी जीभ खोटं बोलणार नाही. पण मी पानं भाजलीच नव्हती रे. खोट झाडांतच आहे का? उपटू का ती?"

एक ओळ पुरली असती. नाव जाईल या भीतीने त्याने पत्र माझ्याखाली सारलं. वर्षभर वाट पाहून तिने वडिलांनी लावलेली झाडं मुळासकट उपटली. आता ती दुसऱ्याच्या मळ्यात पानं खुडते.

मित्रांनो, तडकलेलं भांडं वेळीच बाजूला काढा. जीव लावलात म्हणून त्याचा दोष झाकू नका.

काल त्याने लिहिलं, "छोटे, झाडं निर्दोष होती. तडा वाटीला होता, आणि ते मला तुझ्या पत्राआधीच कळलं होतं. वाटी पाठवतोय, उजेडात धरून बघ. माफ कर म्हणायला तोंड नाही."

टपालाच्या खिडकीत कारकुनाने विचारलं, "काका, आत फुटण्यासारखं काही?"

"तडकलेलंच आहे."

"मग पाठवता कशाला?"

त्याने माझं खोकं पुढे सरकवलं. माझ्यावर धप्पकन शिक्का बसला.