थप्पड पिंपाची, आवाज काडीचा

बाहेर खरं युद्ध चालू होतं, म्हणून स्टुडिओतल्या युद्धाला शिरस्त्राणं मिळत नव्हती. सामानवाल्याने शेवटी स्वयंपाकघरातली पातेली उपडी करून हिरवी रंगवली आणि सैन्य उभं केलं. या सैन्याचे नामांकित वीर दोन: हवालदार पिंप आणि शिपाई काडी. ही नावं लोकांनीच ठेवलेली, आणि देह बघता दुसरं काही ठेवायला वावही नव्हता.

बावीस वर्षं ही जोडी लोकांना हसवत होती आणि भांडवल काय, तर एक थप्पड. पिंपाने हात फिरवायचा, तो काडीच्या गालापासून दोन बोटं लांबून जायचा. त्याच क्षणी काडीने पाठीमागे स्वतःच्याच हातांची टाळी वाजवायची, गिरकी घ्यायची आणि चिखलात पालथं पडायचं. थप्पड पिंपाची, आवाज काडीचा. थिएटरातल्या एकाही माणसाला हे कधी उमगलं नाही.

आज खंदकातला हाच प्रसंग होता आणि काडीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुसऱ्या कंपनीचा निरोप येऊन आठ दिवस झाले होते. त्यांना पडणारा काडीच हवा होता, मारणारा मात्र नवा, तरणाबांड. होय की नाही ते आज जेवणाच्या सुट्टीपर्यंत कळवायचं होतं. सकाळी निघताना बायकोने पुन्हा बजावलं होतं, "आधी भावजींना सांगा, मग काय ते करा." आठ दिवस काडी रोज सांगायला जायचा आणि हवापाण्यावर बोलून परत यायचा. पडद्यावर तोफेच्या तोंडी जाणारा हा शूर गडी मित्रापुढे शेळी व्हायचा.

कॅमेरा सुरू झाला. पिंपाने हात उगारला आणि तो काडीच्या गालावर सणसणीत बसला. काडीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. टाळी राहिली, गिरकी राहिली, तो बदकन खाली बसला.

दिग्दर्शक वैतागले. "थप्पड खोटी वाटली," ते म्हणाले. "लागल्यासारखी दिसली पाहिजे. पुन्हा घेऊ."

गालावर पाचही बोटं उठली होती. ती झाकायला रंगभूषेच्या बाई दहा मिनिटं मागून पावडर आणायला गेल्या. दोघे वीर भुशाच्या पोत्यांवर जाऊन बसले. वीस वर्षं न चुकलेला हात उगीच चुकत नाही, एवढं काडीला कळत होतं.

"कोणी सांगितलं तुला?" त्याने विचारलं.

"काय?"

"उगाच भोळा होऊ नकोस. त्या दुसऱ्या कंपनीचं."

पिंपाने डोक्यावरचं पातेलं काढून मांडीवर ठेवलं. "त्या नव्या नटानेच. आठ दिवसांपूर्वी घरी आला. म्हणाला, मारायला शिकवा."

"आणि तू?"

"शिकवतोय. रोज संध्याकाळी येतो. तुझ्या उंचीवर खुंटीला उशी बांधतो मी."

मित्राच्या पोटावर पाय येईल म्हणून काडी इकडे कुढत होता, आणि मित्र तिकडे स्वतःच्याच जागी दुसरा माणूस घडवत होता. त्याला राग यायला हवा होता, पण आला तो हुंदका.

"मग मला मारलंस कशाला?"

"आठ दिवस वाट बघितली, तू सांगशील म्हणून. रोज आपलं ऊन किती, वारा किती. आज कॅमेऱ्यासमोर उभे राहिलो तरी गप्पच. मग माझं डोकं फिरलं." पिंप आपल्या जाडजूड पंज्याकडे बघत राहिला. "फार लागलं का रे?"

"छे," काडी म्हणाला.

"हेच तुझं चुकतं." पिंपाने दम घेतला. "माझे गुडघे गेलेत. हा सिनेमा झाला की मी थांबणारच होतो. तुला सांगायला जीभ रेटत नव्हती."

म्हणजे दोघेही एकाच माळेचे मणी.

"तू जा तिकडे," पिंप म्हणाला. "गडी गुणी आहे. पण उशीला अजून हात लागतो त्याचा. तुलाही लागेल."

"सुरुवातीला लागायचंच."

"माझाही पहिली दोन वर्षं लागायचा. तू घरी जाऊन गाल शेकायचास आणि दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे हसत उभा राहायचास. वहिनी बोलल्या तेव्हा कुठे मला कळलं. तोवर मी समजत होतो, काय सफाई आहे माझ्या हाताला." त्याने पातेलं पुन्हा डोक्यावर चढवलं. "याला मात्र पहिल्याच दिवशी सांग."

बाई पावडर घेऊन आल्या. लावलेली पावडर काही गालावर टिकेना, खाली ओघळत राहिली.

"अहो, एवढं लागलं का?" त्यांनी विचारलं.

"हो," काडी पिंपाकडे बघत म्हणाला. "फार लागलं. आणि सुट्टीत मी होकार कळवतोय."