हरलेल्याची ओळ

या कामातून मलईला काय काय मिळणार होतं, ते त्याच्या हाताखालच्या सगळ्यांना पाठ होतं. वरच्या मजल्यावरची काचेची केबिन, गाडीला सावलीतली जागा आणि नावापुढे 'प्रमुख'. मलई हे काही त्याचं खरं नाव नव्हे. दूध कुणीही तापवो, हा आपला वर तरंगलेला, म्हणून पडलेलं. डेटाबेस सांभाळणाऱ्या बाईंचाही यात फायदा होता, फक्त त्या तो बोलून दाखवत नसत. मलई वर गेला की त्याची खालची खुर्ची त्यांची.

काम होतं एका हॉस्पिटलचं. दोन इमारती, मध्ये नदी. प्रत्येक इमारतीचा डेटाबेस वेगळा. इकडे लिहिलेलं थोड्या वेळाने आपोआप तिकडे उतरायचं, तिकडचं इकडे. पण एकाच पेशंटच्या नोंदीला दोन्हीकडे एकदमच हात लागला तर? नियम साधा होता: जो नंतर लिहील तो खरा. आधीच्याने लिहिलेलं मुकाट केराच्या टोपलीत. म्हणून बाईंना एक तंटा-लॉग बांधायचा होता. अशी टक्कर झाली की कोण जिंकलं, कोण हरलं आणि हरलेल्याने नेमकं काय लिहिलं होतं, ते जपून ठेवणारा तक्ता.

आराखडा बघायला मलई आला तो बिस्किट चघळतच. बोट जिभेला लावून तेच बोट बाईंच्या स्क्रीनवर टेकवायची त्याला सवय होती. तो गेला की बाई फडक्याने स्क्रीन पुसत. पहिल्या दिवशी त्याला 'तंटा' हा शब्द खुपला. हॉस्पिटलचे मालक घाबरतील म्हणाला, 'समन्वय' लिहा. बाईंनी लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याला हरलेली ओळच नको झाली.

"हरलेल्याचं चरित्र कशाला लिहायचं, बाई? जिंकलेला कोण ते ठेवा, पुरे."

"मग तो लॉग कसला? सत्काराची यादी होईल ती."

यावर तो हसला. बिस्किटाचा भुगा कीबोर्डवर सांडला आणि ओळ तेवढ्यापुरती बचावली. पण तिसऱ्या दिवशी त्याने खरी मागणी पुढे केली. दोन्ही इमारतींचा लॉग मालकांना एकाच स्क्रीनवर दिसला पाहिजे, तेव्हा लॉगही इकडून तिकडे, तिकडून इकडे जाऊ दे.

बाईंनी त्याला कागदावर चौकोन काढून समजावलं. दोन्ही लॉग आपापले एकपासून आकडे मोजणार. इकडची चाळिसावी ओळ तिकडे गेली की तिकडच्या चाळिसावीच्या डोक्यावर बसणार, आणि नियम तोच, नंतरची खरी. म्हणजे हरलेल्याची ओळ पुन्हा हरणार. ज्याचा लॉग त्याच्या घरी राहू द्या, नाहीतर कुंपणच शेत खाईल. निदान आकड्याआधी इमारतीची खूण तरी लावू द्या. मलई म्हणाला, स्क्रीन तयार झालीय, तिला साधे आकडेच कळतात, खूण मालकांच्या शेवटच्या मंजुरीनंतर लावू. पाहुणे दारात आलेत आणि तुम्ही अजून भिंती मोजताय.

बाईंनी हाच धोका लिहून मेल टाकली. उत्तरात एक अंगठा आला. त्या अंगठ्याकडे बघून त्यांना शिसारी आली, पण खुर्ची डोळ्यांसमोर होती. त्यांनी सांगितलं तसं बांधून दिलं.

पलीकडच्या इमारतीत नाव-नोंदणीच्या काउंटरवर बाईंची नणंद बसायची. लग्न मोडून माहेरी आलेली. बाईंनीच शब्द टाकून तिला तिथे लावलं होतं. मिळवती झाल्यापासून घरात तिचं जरा ऐकलं जायचं. सासूबाईसुद्धा लेकीला टोमणा मारण्याआधी आता घोटभर पाणी प्यायच्या. नणंदेने स्वतःची खोली बघायला घेतली होती.

एका सकाळी तिच्या काउंटरवर एक आजी आल्या. एका इंजेक्शनने आपलं अंग सुजतं, म्हणाल्या. नणंदेने ते आजींच्या नोंदीत घातलं. त्याच वेळी नदीच्या अलीकडे बिलवाल्याने आजींचा पत्ता दुरुस्त केला. त्याचं नंतर पोहोचलं, पूर्ण नोंद त्याची टिकली आणि इंजेक्शनची सूचना पुसली गेली. दुपारी आजींना तेच इंजेक्शन दिलं. जीव वाचला, एवढंच.

चौकशी बसली. नणंद म्हणाली, मी लिहिलं होतं. लॉग उघडला. ती ओळ त्यात एकदा पडली होती खरी, पण तिच्या आकड्यावर आता दुसऱ्याच कुणाच्या चुकलेल्या फोन नंबरची नोंद बसली होती. मलई खुर्चीत रेलून पेनाच्या टोपणाने कान कोरत होता.

"लॉगमध्ये नाही म्हणजे लिहिलंच नाही," तो म्हणाला. "माणसं विसरतात. सिस्टीम खोटं बोलत नाही."

टोपणाच्या टोकाला काय आलं ते त्याने बघितलं आणि टोपण पुन्हा पेनाला लावलं. बाई उठल्या, दोन लॅपटॉप मालकांपुढे समोरासमोर ठेवले आणि दोन्हीकडे खोट्या पेशंटच्या नोंदी बदलल्या. दोन्ही लॉगमध्ये एकाच आकड्याची एकेक ओळ आली. मग सगळ्यांच्या देखत एक ओळ दुसरीने गिळली.

"सिस्टीम खोटं बोलते," बाई म्हणाल्या. "मीच तिला शिकवलंय. यांनी सांगितलं, मी केलं. मेल आहे."

मालकांना वाटली ती धास्ती आजींची नव्हती. सिस्टीम चुकली म्हटलं तर दोन्ही इमारतींतली प्रत्येक नोंद संशयात येणार होती. तेवढ्यात मलई पुढे वाकला आणि मऊ आवाजात म्हणाला की मंजुरीआधीच दोष सापडला हे टीमचं यश आहे, परवापर्यंत खूण लागेल. मालकांचे चेहरे खुलले. एकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. राहिला प्रश्न नणंदेचा. आजींच्या घरच्यांना 'कर्मचाऱ्याची चूक' असं आधीच कळवून झालं होतं, आता शब्द फिरवला तर नाचक्की. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची ठरली, तीही अगदी सभ्य भाषेत, चहा मागवून. बाईंनी चहा घेतला नाही. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

घरी नणंद गॅलरीत उभी होती. सासूबाई आत टोमण्यांची जुळवाजुळव करत होत्या, पाणी न पिता.

"वहिनी, हे असं होणार, तुला माहीत होतं?"

बाईंना 'नाही' म्हणता आलं असतं.

"माहीत होतं."

नणंदेने मान हलवली आणि आत जाऊन खोलीवाल्याला फोन केला, खोली नको म्हणून.

आता याची किंमत कुणी काय भरली ते बघू. मलईने काहीच नाही, तो वर गेला. मालकांनी एका चहाचे पैसे भरले. बाईंना ती खुर्ची मिळाली, तिच्या हातांवर मलईच्या बोटांचे तेलकट डाग असलेली. त्या रोज ती पुसतात आणि रोज तिच्यावरच बसतात. नणंदेची नोकरी गेली आणि घरातला आवाजही. आणि आजी, ज्यांनी काउंटरवर सगळं बरोबर सांगितलं होतं, अजून भिंत धरून चालतात.