दोन कपांची किटली

किटलीतली रबराची ती भोकाची चकती अंगठ्यात अडकून बसली होती, साबणाच्या फेसात निसरडी झालेली, आणि ती काढायचं सोडून साविन तिच्याकडे नुसता बघत राहिला — कडेनं तपकिरी पडलेली, कित्येक सकाळची कॉफी मुरलेली चकती. पण कुणाच्या सकाळची? पलीकडच्या खोलीत ओटिलिया झोपली होती. चार वर्षं इटलीत एका म्हातारीची सेवा करून, ती म्हातारी गेल्यावर, आठवड्यापूर्वी ती रोमानियात, सुचावाला घरी परतली होती. सोबत दोन बॅगा आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेली ही अ‍ॅल्युमिनियमची किटली — खाली पाणी, मध्ये कॉफीची चाळणी, आणि तापली की कॉफी उसळून वर येते ती. "सिन्योराची आठवण," म्हणाली होती; त्या म्हातारीला ती सिन्योरा, म्हणजे बाईसाहेब, म्हणायची. बस, एवढंच. किटली आतून काळीकुट्ट होती, म्हणून आज रविवारी, ती उठायच्या आत, त्यानं तारेची घासणी घेऊन लख्ख केली. बायकोला बरं वाटावं म्हणून. हो, त्याचसाठी... दुसऱ्या कशासाठी असणार?

किटली दोन कपांची होती.

तसं पाहिलं तर त्यात काही नाही. पण दोन हिवाळ्यांपूर्वी फोनवर ती म्हणाली होती, डॉक्टरांनी सिन्योराची कॉफी कायमची बंद केली, बिचारी आता वासावर जगते — हे त्याला शब्द न् शब्द आठवत होतं, कारण फोन ठेवल्यावर रिकाम्या घरात तो त्या म्हातारीसाठी हळहळला होता, चक्क हळहळला होता, मूर्खासारखा. मग दुसरा कप कुणाचा? म्हातारीला एक मुलगा होता. विधुर, रविवारी यायचा म्हणे. पहिल्या वर्षी ओटिलिया त्याच्याबद्दल पुष्कळ बोलायची, किती चिंगूस आहे, कसा खोकतो. नंतर बोलेनाशी झाली. माणूस ज्याच्याबद्दल बोलायचं थांबतो... पण जाऊ दे. आपण धिरडी करतोय, धिरड्यांकडे लक्ष द्यावं.

त्यानं पातेल्यात अंडी फोडली, दूध ओतलं, चाळणीतून मैदा भुरभुरवला आणि तारेच्या फेटणीनं फेटायला घेतलं — मनगटातून, कोपरातून नव्हे. किसणीच्या बारीक बाजूवर लिंबाची साल किसली. फक्त पिवळी, पांढरं दिसलं की हात थांबवायचा. आत भरायला गोड पनीर, बेदाणे. वर आंबट चेरीचा मुरांबा. हेही खरं तर खटकण्यासारखंच होतं. या घरात न्याहारी म्हणजे अंडी, खारं चीज, कांदा, टोमॅटो; लग्न झाल्यापासून ती तेच खात आली. आणि परवा त्यानं ऑम्लेट पुढे केलं तर ताट हळूच सरकवून तिनं कॉफीत बिस्किट बुडवलं. "सकाळी खारट आता जात नाही रे मला." जीभ बदलते म्हणजे आणखी काय काय बदलतं? आणि मी हा असा मुकाट्यानं गोड करायला उभा राहिलो, त्या घराचीच चव माझ्या हातानं तिला वाढायला...

शेजारच्या बाल्कनीतून फ्रोसिना मावशींनी मान बाहेर काढली. निमित्त कपडे वाळत घालायचं, नजर थेट याच्या शेगडीवर.

"काय रे साविन, बायको घोरतेय आणि नवरा अंडी फेटतोय? बरंय बाबा तिचं!"

"रविवार आहे, मावशी."

"आमच्या ह्यांच्या नशिबीही रविवार होते हो. पण चमचे कुठं ठेवतात ते मरेपर्यंत कळलं नाही त्यांना." मग आवाज खाली आणून, "राहणार ना आता ती? की पुन्हा जायचीय?"

"बघू म्हणते."

"बघू!" मावशींनी कपड्याचा चिमटा दातांत धरला आणि काढला. "माझी धाकटीही बघूच म्हणाली होती. आता ईस्टरला तिचा केक येतो, ती येत नाही."

साविननं खिडकी लोटून घेतली, थंडी नसताना. मग किटलीत पाणी आणि कॉफी भरून ती गॅसवर चढवली.

ओटिलिया केव्हा येऊन दारात उभी राहिली ते त्याला कळलं नाही. तिची नजर आधी गॅसवरच्या किटलीवर गेली, मग त्याच्यावर. आधी किटलीवर — हे त्यानं टिपून ठेवलं.

"साबणानं धुतलीस?"

"तारेनंही घासली. काळी पडली होती."

"अरे देवा!" ती हसायलाच लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "ती धुवायची नसते, वेड्या. नुसतं पाणी फिरवायचं. तो काळा थर हीच तिची चव. सिन्योरा काठी घेऊन लागली असती तुझ्यामागं."

"तिची तर कॉफी बंद होती."

बोलून गेला. किटली गुरगुरायला लागली होती. ओटिलियानं पुढे होऊन आच कमी केली.

"बंद होती म्हणून तर. मुलगा गेला रे गेला की आम्ही दोघी चोरून प्यायचो. दार लावून."

उत्तर चटकन आलं. फार चटकन आलं का? की खरं उत्तर असंच येतं, शोधावं लागत नाही म्हणून? दोघी, चोरून, दार लावून... त्याला ते टेबल दिसलं, खिडकी दिसली, दोन कप दिसले, आणि समोरच्या खुर्चीत एकदा ती म्हातारी बसलेली आणि एकदा तो खोकणारा. दोन्ही चित्रं सारखीच स्पष्ट. आणि तिच्या डोळ्यांतलं ते पाणी, ते हसण्याचंच होतं ना? हाताला काहीतरी काम हवं म्हणून त्यानं तव्यावर लोणी सोडलं, पळीभर पीठ फिरवलं, आणि कडा सुटल्याबरोबर मनगटाला हिसका दिला. धिरडं उडालं, हवेतच उलटलं आणि तव्यात नीट बसलं.

ओटिलियाचं हसू थांबलं.

"हे कुठं शिकलास?"

"काय?"

"हेच, मनगटाचं. मी गेले तेव्हा तुला अंडं उकडता येत नव्हतं, साविन." तिनं ओट्यावर नजर फिरवली, किसणी, फेटणी, किसलेली साल, सगळं जिथल्या तिथं. "खालच्या मजल्यावरची ती मिरुना... शिवणकाम करते ती. अजून राहते का इथं?"

"राहते."

"वर येते का?"

मिरुनाशी जिन्यात नमस्कारापलीकडे त्याचं कधी बोलणं झालं नव्हतं. खरं एवढंच होतं, की सबंध हिवाळाभर तो संध्याकाळी थंड तव्यात ओलं फडकं घडी करून ठेवायचा आणि उडवायचा, हात भरून येईपर्यंत. मग खरी धिरडी, फरशीवर पडलेली, दिव्याला चिकटलेली. ती येईल त्या सकाळसाठी. एवढं सांगितलं की झालं. ओठांवर आलंही होतं. पण ती बघत होती — भुवई चढलेली, खांदे ताठ, ओठ मुडपलेले. आठवडाभर पाहुणीसारखी प्रत्येक ताटाला आभार मानणारी ती, आज पहिल्यांदा नवऱ्याकडे बायको बघते तशी बघत होती. सांगितलं की ही नजर मऊ होणार, तिला त्याची कीव येणार, आणि ती पाहुणी परत येऊन बसणार.

कदाचित तिच्याही गप्प बसण्यामागं असंच काही साधं, एकटीचं असेल... किंवा नसेलही.

"कोण? मिरुना?" तो उगाचच म्हणाला आणि पुढचं पीठ तव्यावर घातलं. ओटिलियानं खुर्ची ओढली, बसली, कॉफी तशीच ठेवून त्याच्या हातांवरून नजर काढेना. सांगायचं होतं त्याला, सांगणारच होता, उद्या, परवा... पण आज तिच्या त्या नजरेखाली उभं राहायला त्याला इतकं बरं वाटत होतं, की आपण तिला फसवतोय हेसुद्धा चालत होतं.