हात कुठे थांबवायचा

माझी मुलगी ऑस्टिओपॅथ आहे. हा शब्द नीट उच्चारायलाच मला दोन वर्षं लागली. तिचं शिक्षण संपलं तरी तो धंदा काही माझ्या गळी उतरला नव्हता. औषध नाही, सुई नाही. नुसत्या हातांनी सांधे, स्नायू, श्वास चाचपायचे आणि हातांनीच मोकळे करायचे. "म्हणजे मालिशच ना?" असं मी चारचौघांत म्हणायचो. ती हसण्यावारी न्यायची. तिला लागत असणार हे कळायचं, पण माझ्या जिभेला कधी लगाम नव्हता.

मी सुतार. चाळीस वर्षं रंधा मारल्यावर पाठ दुखणारच, असं धरून चाललो होतो. पण त्या आठवड्यात कंबर अशी धरली की बसवेना, उभं राहवेना. एका जिन्याचं काम अर्धवट पडलेलं. शेवटी नाक मुठीत धरून तिच्याकडे गेलो.

लहानशी खोली, उंच टेबल, खिडकीला पांढरा पडदा. तिने मला आधी चालायला लावलं, मग वाकायला, आणि नंतर टेबलावर झोपवून घोटे हलवून बघत बसली.

"अगं, दुखतंय कमरेत. घोट्याचं काय घेऊन बसलीस?"

"डावा घोटा आखडलाय, बाबा. तो पाय चुकवत चालता, त्याचा भार कंबर सोसते. शरीर सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. जरा गप्प पडून राहा बघू."

मग तिने बरगड्यांखाली तळवा ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. जुन्या लाकडाला रंधा लावण्याआधी मीही असाच तळवा फिरवतो. आत मोडका खिळा असला तर पातं कामातून जातं. मला उगाचच बरं वाटलं. हात सरकत बेंबीच्या वर आला आणि थांबला. दुसरा हातही शेजारी आला. मग तिने दोन्ही हात काढून घेतले.

"कुशीवर वळलं की दुखणं कमी होतं?"

"छे. कसंही झोपा, सारखंच."

"मी आज काही करणार नाही. पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीचा ठोका फार रुंद लागतोय. ती फुगली असावी. आपण आत्ताच हॉस्पिटलला जातोय."

मी भडकलो. "जमत नाही म्हण ना सरळ! एकदा मणका कट्ट वाजव आणि मोकळी हो."

"ते माझ्या हातांचं काम नाही, बाबा. उठू नका," ती शांतपणे म्हणाली आणि फोन लावून अँब्युलन्स बोलावली.

हॉस्पिटलात तपासणीचा फोटो बघून सर्जन म्हणाले, आजच्या आज ऑपरेशन. रक्तवाहिनी फुटायच्या बेतात होती. कुणी जोरात दाबलं असतं, किंवा मी घरीच कण्हत बसलो असतो, तर... पुढचं त्यांनी बोलायचं टाळलं.

मला आत न्यायला स्ट्रेचर आणलं. मुलगी उशाशी उभी राहून कागदांवर सह्या करत होती. चेहरा अगदी कोरा. मला वाटलं, दगडाच्या काळजाची आहे पोरगी. मग मी तिचा हात हातात घेतला. तो थरथर कापत होता.

"मघाशी तर कापत नव्हता," मी म्हणालो.

"मघाशी तुम्ही माझ्या टेबलावरचे पेशंट होता ना, बाबा."

मला रडू आलं. लाजही वाटली. "चुकलो गं मी," एवढंच बोलता आलं, आणि ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत मी तो हात सोडला नाही.